वारीची ट्रॉली : जुन्या सांगाड्यात नवा संसार



ज्येष्ठ वद्य अष्टमीला माउलींची पालखी आळंदीहून प्रस्थान ठेवते आणि आषाढी एकादशीला पंढरीत असते. अंतर सुमारे अडीचशे किलोमीटर, दिवस अठरा ते वीस. वाटेने चालणारा वारकरी आपण सर्वांनी पाहिला आहे. खांद्यावर पताका, गळ्यात टाळ, बाईच्या डोक्यावर तुळस. पण त्या वारकऱ्याचे अंथरूण, पीठ, पाणी आणि रात्रीची राहुटी कोण वाहून नेते, याचा विचार पाहणारा क्वचितच करतो. हे सारे दिंडीची गाडी नेते. पूर्वी बैलगाड्या असत, मग ट्रक आले, आणि लहान गावांच्या दिंड्यांनी घरच्या ट्रॅक्टरला ट्रॉली जोडली.

माझ्या कार्यक्षेत्रातील एका गावाच्या पस्तीस माणसांच्या दिंडीने अशीच एक जुनी, दोन चाकी ट्रॉली विकत घेतली. दहा फूट लांब, सहा फूट रुंद, दोन फूट उंचीचे फाळके. गावच्या सुताराने आणि वेल्डिंगवाल्याने मिळून तिच्यात कप्पे, पेट्या आणि मांडण्या बसवल्या. ट्रॉली कशी निवडली, तिच्यात काय केले आणि वाटेवरच्या कोणत्या गावी तिची काय कसोटी लागली, हे मी त्या मंडळींबरोबर चालून पाहिले. तेच आज तुमच्यापुढे ठेवतो. तुमच्या गावची दिंडी असो, यात्रेला निघालेली भावकी असो किंवा चार महिने बाहेर राहणारी ऊसतोडीची टोळी असो, चाकांवर संसार न्यावयाचा म्हटले की प्रश्न तेच येतात.

दोन गोष्टी आधीच सांगून ठेवतो. ट्रॉलीतले वजन चुकीच्या जागी पडले, तर ते जिवावर बेतते. आणि ट्रॉलीतली वस्तू वेळेवर सापडली नाही, तर त्याची भरपाई स्वयंपाकाच्या बायकांच्या झोपेतून होते. पुढचे सारे लिखाण या दोन गोष्टींसाठी आहे.

जुनी ट्रॉली पारखताना

रंगावर जाऊ नका. बाजारात आणण्यापूर्वी ट्रॉलीला रंग मारतातच. खाली वाकून सांगाडा पाहा. लांबीचे दोन्ही चॅनेल सरळ आहेत का, जोडावर तडा गेलेला आहे का, एकाच ठिकाणी पुन्हा पुन्हा वेल्डिंग केलेले आहे का, हे बघा. दांडीच्या ज्या भोकात हुकाची पिन बसते, ते गोल राहिले आहे की झिजून लांबट झाले आहे, ते पाहा. लांबट भोकात पिन खेळते, आणि प्रत्येक गचक्याला दांडीवर घाव बसतो.

मग जॅक लावून एकेक चाक उचला. वरखाली हलवल्यावर खडखडले, किंवा हाताने फिरवल्यावर घरघरले, तर बेअरिंग गेले असे समजा. टायर एकाच कडेने झिजला असेल तर आस वाकलेला असण्याचा संभव असतो. बेअरिंग बदलता येते, वाकलेल्या आसाच्या मागे लागू नये.

तळाचा पत्रा कोपऱ्यात जास्त तपासा. रासायनिक खत वाहिलेल्या ट्रॉलीत सांडलेले खत कोपऱ्यात ओल धरते आणि तेथला पत्रा खाऊन टाकते. जिच्यातून खते आणि फवारणीची औषधे वाहिली, त्याच ट्रॉलीत आता पीठ आणि पाणी जाणार आहे, हे विसरू नका. तळ धुण्याच्या सोड्याने दोन-तीन वेळा घासून, धुऊन, उन्हात वाळवा आणि वर फळ्यांचा वेगळा तळ घाला. औषधाचा रिकामा पिंप कितीही धुतला तरी पाण्यासाठी किंवा धान्यासाठी वापरू नये. असे पिंप वापरात आलेले मी पाहिले आहेत, म्हणून मुद्दाम लिहितो.

कागदपत्रांचेही तसेच आहे. ट्रॉलीची नोंदणी ट्रॅक्टरपेक्षा वेगळी असते. ती आपल्या नावावर करून घ्या आणि विमा चालू आहे ना, ते पाहा.

वजनाचा हिशेब कागदावर

दिंडीच्या लोकांनी सुतारकाम सुरू करण्यापूर्वी एक वही घेतली आणि काय काय न्यावयाचे ते वजनासह लिहिले. पस्तीस पिशव्या, प्रत्येकी आठ किलो, म्हणजे २८० किलो. माणशी रोज सुमारे चारशे ग्रॅम पीठ, शंभर ग्रॅम तांदूळ आणि साठ ग्रॅम डाळ धरली तर अठरा दिवसांचा शिधा ३५० किलो. पाचशे लिटर पाणी म्हणजे ५०० किलो. स्वयंपाकाचे तीन गॅस सिलिंडर, भरलेला एक सुमारे तीस किलो, म्हणजे ९० किलो. भांडी आणि शेगड्या १०० किलो. राहुट्या, ताडपत्र्या आणि खांब २०० किलो. एकूण दीड टनाच्या वर गेले.

ही यादी पाहून स्वयंपाकाचा कारभार पाहणाऱ्या मावशी म्हणाल्या, "साहेब, अठरा दिवसांचं पीठ कशाला ओढायचं? बाजरीचं पीठ आठ दिवसांत कडू होतंय. वाटेला गिरण्या नाहीत का?"

त्यांचे बरोबर होते. बाजरीच्या पिठाला स्निग्धांशामुळे लवकर कडवटपणा येतो, हे आम्ही पुस्तकात शिकलो, त्या चुलीपाशी शिकल्या होत्या. शिवाय सासवड, लोणंद, फलटण, नातेपुते ही सगळी पेठेची गावे. लोणंदला तर कांद्याची मोठी बाजारपेठ आहे, तेथे घरून कांदा न्यावा लागत नाही. म्हणून सहा दिवसांचाच शिधा घ्यायचा, बाजरी-ज्वारी धान्याच्या रूपात न्यायची आणि वाटेत दळून घ्यायची, असे ठरले. साडेतीनशे किलोचे सुमारे १२० किलो झाले. एकही फळी न मारता दोन क्विंटलांहून जास्त भार उतरला. सामान ठेवायला जागा वाढवण्याआधी सामान कमी करा, हा पहिला धडा.

जड कोठे, हलके कोठे

अमेरिकेत मोटारीमागे ओढण्याची घरे असतात. त्यांना तेथे ट्रॅव्हल ट्रेलर म्हणतात. जुनी घरगाडी स्वस्तात घ्यायची आणि तिच्यात आपल्या सोयीचे खण-कप्पे करायचे, हा तेथील अनेक कुटुंबांचा आवडता उद्योग आहे. त्या लोकांचा एक नियम आहे. भरलेल्या गाडीच्या एकूण वजनातील दहा ते पंधरा टक्के वजन पुढच्या हुकावर आले पाहिजे. त्याहून कमी आले तर मागची गाडी धावताना शेपटीसारखी डोलू लागते.

आपली दोन चाकी ट्रॉली त्याच जातीची आहे. जड सामान आसाच्या मागे भरले तर दांडी वर उचलू पाहते, ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांवरचा भार कमी होतो आणि त्यांची पकड सुटते. उलट, सारे जड सामान अगदी पुढे रचले तर हुकावर फार वजन येते, ट्रॅक्टरची पुढची चाके हलकी होतात आणि स्टिअरिंग ऐकेनासे होते. म्हणून जड वस्तू आसावर किंवा किंचित पुढे, तळाला आणि दोन्ही बाजूंना सारख्या विभागून ठेवाव्यात.

या दिंडीच्या ट्रॉलीत अशी मांडणी झाली. पाण्याची टाकी आसाच्या किंचित पुढे, आडवी, तळाला पट्ट्यांनी आवळलेली. तिच्यापुढे दोन्ही बाजूंना धान्याच्या दोन पेट्या, चार इंच उंचीच्या लाकडी ठोकळ्यांवर, म्हणजे तळाला पाणी आले तरी धान्य कोरडे राहील. धान्य घरूनच चांगले वाळवून घेतलेले, ओल बारा टक्क्यांच्या आत. मागच्या तिसऱ्या भागात भांडी आणि रोजच्या वापराचे डबे. अंथरुणे वरच्या मांडणीवर, कारण ती हलकी. राहुट्यांचे खांब मधल्या भागात लांबीने तळाशी.

टाकीबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा. अर्धी भरलेली टाकी पूर्ण भरलेल्या टाकीपेक्षा त्रासदायक असते. वळणावर आतले पाणी एका बाजूला धावते आणि ट्रॉलीलाही तिकडे ओढते. म्हणून या लोकांनी पाचशे लिटरची एक टाकी न घेता अडीचशे लिटरची एक टाकी आणि बाकीच्या पाण्यासाठी वीस लिटरचे कॅन घेतले. निघताना टाकी भरलेली किंवा रिकामी, मधली नाही. पुढच्या तळावर टँकर मिळणार असेल तर रिकामीच न्यायची.

खिळे नकोत, बोल्ट हवेत

वारी येते ती ऐन खरिपात. पेरणी झालेली असते किंवा पावसाची वाट पाहणे चालू असते. एकादशी झाली की हीच ट्रॉली खतासाठी, पुढे काढणीसाठी आणि नंतर उसासाठी लागणार. म्हणून आतली प्रत्येक मांडणी नटबोल्टवर बसवली. वेल्डिंग फक्त सांगाड्याच्या दुरुस्तीपुरते. दोन माणसांनी पाना घेऊन अर्ध्या दिवसात सारे काढता आले पाहिजे, ही अट सुताराला आधीच घातली होती.

साहित्य साधेच लागले. ताडपत्रीसाठी एक इंची पाइपच्या चार कमानी, मांडण्यांसाठी जुन्या दाराच्या फळ्या आणि बारा मिलिमीटर जाडीच्या प्लायवुडचे दोन तक्ते, आणि किराणा दुकानातून आणलेले पंधरा किलोचे रिकामे तेलाचे डबे. डब्याची एक बाजू कापून, कडा दुमडून, पुढे कडी लावली की उत्तम खण होतो. असे बारा डबे दोन रांगांत बसवले. चहा, साखर, मीठ-मसाला, कडधान्य, प्रत्येकाचा डबा ठरलेला. डब्यावर नाव लिहिले आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी रंगही दिला.

प्रत्येक मांडणीच्या पुढच्या कडेला अडीच इंचांची उभी पट्टी मारली. ती नसेल तर पहिल्याच खड्ड्यात परात खाली येते. दारांना चुंबकाची पकड न लावता लोखंडी कडी लावली. कमानींच्या आतून जुन्या बारदानाच्या खिशांच्या लांब पट्ट्या टांगल्या. त्यांत चपला, बॅटऱ्या, प्लॅस्टिकचे कागद आणि टाळांच्या पिशव्या गेल्या. बारदानाला खर्च नाही, आणि ओले झाले तरी वाऱ्याने वाळते.

सगळ्यांत उपयोगी पडला तो मागचा फाळका. त्याला दोन्ही बाजूंनी साखळ्या लावल्या. फाळका पाडला की साखळ्यांवर आडवा राहतो आणि कमरेइतक्या उंचीचा, सहा फूट रुंद ओटा तयार होतो. भाजी चिरणे, कणीक मळणे, ताटे वाढणे हे सारे उभ्याने, चिखलापासून वर. त्याच्या उजव्या हाताला औषधांची लाल पेटी आणि डाव्या हाताला पहाटेच्या चहाचे सामान. मावशींनी सुताराला बजावले होते, "फळी कुठं पण मार, पण पहाटे तीनला आधण ठेवायला मला चार माणसं उठवायला लागू नयेत." त्या एका वाक्यावरून मागच्या भागाचा सारा नकाशा ठरला.

गॅसची जागा वेगळीच ठेवली. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर वर न जाता तळाशी साचतो. म्हणून सिलिंडरांसाठी पुढच्या कोपऱ्यात जाळीची पेटी केली. तिला तळाशी मोठी भोके, दार बाहेरच्या बाजूला, आणि सिलिंडर उभे, पट्ट्याने बांधलेले. शेगडी पेटवायची ती खाली जमिनीवर, ट्रॉलीपासून दहा-बारा पावलांवर. पाऊस आला तरी ट्रॉलीच्या आत शेगडी पेटवायची नाही, हा नियम कोणासाठीही मोडला नाही. जवळ वाळूची बादली आणि एक अग्निशामक नळकांडे.

पहिली कसोटी : दिवे घाट

आळंदी ते पुणे रस्ता सोपा. पुण्यात दोन मुक्काम होतात, तेवढ्या अवधीत काय विसरले ते आठवते आणि विकत घेता येते. खरी परीक्षा पुण्याहून सासवडला जाताना, दिवे घाटात. माउलींच्या रथाला या घाटात जादा बैलजोड्या जुंपतात, यावरूनच चढाची कल्पना यावी. वाहतुकीची व्यवस्था पोलीस दरवर्षी जाहीर करतात. दिंडीची वाहने त्याप्रमाणे आधीच पुढे काढावी लागतात.

चढावर ट्रॉलीतले वजन मागे झुकते. सपाटीवर ठीक वाटणारी भरणी चढावर दांडी उचलू लागते. सामान बांधलेले नसेल तर मागे सरकून आणखी भर घालते. म्हणून घाटाखाली वडकीला थांबून दोर पुन्हा आवळावेत. चढ आणि उतार दोन्हीकडे खालचा गिअर आधीच टाकावा. उतारावर क्लच दाबून गाडी सोडू नये, कारण इंजिनाचा अडथळा नाहीसा झाला की सारा भार ब्रेकवर येतो. बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात. मागचे वजन थांबवायचे ते एकट्या ट्रॅक्टरने. शेतात वळण घेण्यासाठी आपण डावा आणि उजवा ब्रेक वेगळा ठेवतो. रस्त्यावर येताना ते दोन्ही पट्टीने जोडले नाहीत, तर जोरात ब्रेक लावताना ट्रॅक्टर एका बाजूला फिरतो. चाकाला लावण्याचे दोन लाकडी ठोकळे ड्रायव्हरच्या हाताशी असावेत.

हे मी भीती घालण्यासाठी लिहीत नाही. नोव्हेंबर २०१९ मध्ये याच दिवे घाटात ब्रेक निकामी झालेले एक अवजड यंत्र पंढरपूरहून आळंदीकडे निघालेल्या दिंडीत घुसले. संत नामदेवांचे वंशज सोपान महाराज नामदास आणि आणखी एक वारकरी त्यात गेले. रस्त्यावर चालणाऱ्या माणसाला मागून येणाऱ्या वजनाचा अंदाज नसतो. तो अंदाज वजन नेणाऱ्याने ठेवायचा असतो.

आणि ट्रॉलीत माणसे बसवू नका. कायद्याने ती मालाची गाडी आहे. १ ऑक्टोबर २०२२ रोजी उत्तर प्रदेशात कानपूर जिल्ह्यात देवीच्या दर्शनाहून परतणाऱ्यांची ट्रॉली पाण्यात उलटली आणि पंचवीसहून अधिक जीव गेले. त्यांत बायका-मुलेच जास्त होती. या दिंडीने स्वयंपाकाच्या पाच जणांसाठी वेगळी जीप केली. थकलेल्या म्हाताऱ्यांना त्याच जीपने किंवा एसटीने पुढच्या मुक्कामी पाठवले. "पाच मिनिटांचा रस्ता आहे, बसू द्या की," असे म्हणणारे रोज भेटले. ड्रायव्हरचे उत्तर ठरलेले होते, "माउली, ही मालाची गाडी. माणसांसाठी जीप आहे."

सासवड, जेजुरी, नीरा

सासवड हे सोपानकाकांच्या समाधीचे गाव. येथेही सहसा दोन मुक्काम असतात. पहिल्या चार दिवसांच्या अनुभवावरून मांडणी बदलायची ती येथे. या दिंडीत बारदानाचे खिसे उंच पडले होते, बुटक्या बायकांचा हात पोहोचत नव्हता. सासवडला ते वीतभर खाली घेतले. बोल्टवर काम केल्याचा फायदा तेथेच कळला.

जेजुरीला भंडारा उधळला जातो आणि हळद सगळीकडे बसते. पिठाच्या पेटीला झाकण नसेल तर भाकरीही पिवळी होते. पुढे वाल्हे, आणि मग नीरा नदी. तेथे माउलींच्या पादुकांना स्नान घालतात आणि पालखी पुणे जिल्ह्यातून सातारा जिल्ह्यात येते.

स्नानाची गोष्ट निघाली म्हणून बायकांच्या सोयीबद्दल लिहितो. पुरुष नदीवर, हापशावर, टँकरखाली कोठेही अंघोळ उरकतात. बायका अंधारात तीनला उठतात, आडोसा शोधतात, ओल्या लुगड्याने परत येतात आणि मग चूल पेटवतात. या दिंडीने ट्रॉलीच्या डाव्या बाजूला बिजागरीवर फिरणारे दोन पाइप लावले. बाहेर वळवले की चार फुटांचा चौकोन होतो. त्यावर जाड पडदा, खाली लाकडी पाट आणि पाण्यासाठी टाकीची रबरी नळी. उभारायला दोन मिनिटे लागतात. बंद केले की पाइप फाळक्याला लागून राहतात. अलीकडे मुक्कामाच्या तळांवर फिरती शौचालये ठेवली जातात, त्यामुळे तो प्रश्न पुष्कळ हलका झाला आहे. पण अंघोळीचा आडोसा आपणच न्यावा लागतो. खर्चाच्या मानाने या ट्रॉलीतली सर्वांत मोठी सोय कोणती, असे मला कोणी विचारले, तर मी हा पडदा दाखवीन.

लोणंद ते फलटण : वारा आणि चिखल

लोणंदनंतर चांदोबाच्या लिंबापाशी पहिले उभे रिंगण होते आणि मुक्काम तरडगावला पडतो. दिंडीची वाहने तोपर्यंत तळावर पोहोचलेली असतात. एक सर पडून गेली की काळ्या रानात चाक रुतते, हे तुम्हाला मी सांगायला नको. ट्रॉली उभी करतानाच दोन्ही चाकांखाली फळ्या घालाव्यात. दांडीच्या टेकूखालीही एक रुंद फळी हवी, नाही तर ट्रॅक्टर सोडल्यावर टेकू रात्रीतून खचतो आणि सकाळी दांडी चिखलात असते.

पुढे फलटण, बरड. हा पट्टा पर्जन्यछायेतला. पाऊस थोडा, पण आषाढातला वारा सपाटून वाहतो. काही दिंड्या कमानी उंच करून आत माणूस उभा राहील एवढे छत करतात. दिसायला छान, पण उंच छत वारा धरते आणि ट्रॉलीचे डोके जड होते. या दिंडीने कमान फाळक्याच्या वर तीन फुटांपेक्षा उंच घेतली नाही. ताडपत्रीला दर दोन फुटांवर दोर आणि छताला दोन्हीकडे उतार. छतावर एकही वस्तू ठेवायची नाही. अपवाद एका लहान सौरपट्टीचा. तिच्यावर रात्रीचे दोन दिवे चालत आणि मोबाइल भरले जात.

ट्रॉलीच्या मागे लाल परावर्तक आणि चालू दिवा हवाच. पहाटे अंधारात निघावे लागते आणि वाटेवर सगळीकडे चालणारी माणसे असतात.

नातेपुते, माळशिरस, वेळापूर

धर्मपुरीला पालखी सोलापूर जिल्ह्यात शिरते. नीरा उजव्या कालव्याच्या पाण्यावर फुललेला हा उसाचा मुलूख. येथपर्यंत पायांचे फोड पिकलेले असतात आणि पोटेही कुरकुरू लागतात. औषधांची लाल पेटी या टप्प्यात दिवसातून दहा वेळा उघडते. ती सामानाखाली दबलेली नसावी, म्हणूनच ओट्याच्या उजव्या हाताला. आत मलमपट्टी, जंतुनाशक, तापाची गोळी, क्षार-साखरेची पुडी, आणि ज्यांना रक्तदाबाची किंवा साखरेची औषधे रोज लागतात त्यांच्या नावाच्या पिशव्या. टाकीत पाणी भरले की क्लोरीनच्या गोळ्या पाकिटावरील प्रमाणाप्रमाणे टाकाव्यात आणि अर्धा तास थांबूनच पाणी प्यावे.

रोजची शिस्त येथे कामी येते. पिशव्यांना नंबर दिलेले होते, आणि संध्याकाळी आधी लागणारी वस्तू सकाळी शेवटी चढवायची हा क्रम होता. म्हणजे तळावर पोहोचताच आधी राहुट्या, मग भांडी, मग पिशव्या, मग अंथरुणे. राहुट्यांचे खांब तळाशी असले तरी त्यांची टोके मागच्या बाजूला मोकळी ठेवली होती, वरचे सामान न हलवता ते ओढून काढता येत. पहिल्या दिवशी ट्रॉली रिकामी करायला दीड तास लागला होता. वेळापूरला पंचवीस मिनिटांत राहुट्या उभ्या राहिल्या आणि बायका नऊ वाजता झोपल्या. एवढ्या सगळ्या लोखंड-लाकडाचे मोल मी त्या एका तासात मोजतो.

वाखरी आणि पंढरी

भंडीशेगावनंतर वाखरी. येथे निरनिराळ्या संतांच्या पालख्या एकत्र येतात आणि माणसांचा समुद्र होतो. आपली ट्रॉली आपल्यालाच सापडत नाही. म्हणून कमानीला बांधलेली उंच काठी, तिच्यावर ठरावीक रंगाचे कापड आणि रात्री दिवा. चुकलेल्या माणसासाठी प्रत्येकाच्या गळ्यात दिंडीचा नंबर आणि फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी होती.

पंढरपुरात चंद्रभागेच्या पलीकडे पासष्ट एकराच्या मैदानावर दिंड्यांच्या राहण्याची सोय केली जाते. ट्रॉली एकदा तेथे लावली की हलवू नये. दर्शनाला पायीच जावे.

२०२० आणि २०२१ या दोन वर्षी साथीमुळे पायी वारी झाली नाही, पादुका एसटीने पंढरीला नेल्या. त्यानंतर पालखी मार्ग रुंद होत गेले, कामाची कोनशिला नोव्हेंबर २०२१ मध्ये बसली. रस्ता रुंद झाला की वाहनांचा वेग वाढतो. चालणाऱ्याची आणि आपल्या ट्रॉलीचीही काळजी त्यामुळे जास्तच घ्यावी लागते.

परतल्यावर

एकादशीनंतर माणसे एसटीने परततात, ट्रॉली मागून येते. ती आली त्याच दिवशी रिकामी करा. ओल्या राहुट्या घडी करून ठेवल्या की आठ दिवसांत बुरशी धरतात. त्या वाऱ्यावर वाळवा. मांडण्या उतरवून, बोल्ट एका डब्यात मोजून ठेवा आणि फळ्यांवर खडूने त्यांची जागा लिहा. सिलिंडरची पेटी, पडद्याचे पाइप, डब्यांच्या रांगा माळ्यावर गेल्या की ट्रॉली पुन्हा शेतीच्या कामाला मोकळी. बेअरिंगला ग्रीस तेवढे लगेच घाला.

तुमच्या गावात असे काही करावयाचे मनात असेल तर फाल्गुन-चैत्रात काम काढा. तेव्हा रब्बी निघालेली असते आणि सुताराला सवड असते. ज्येष्ठात सगळ्यांनाच घाई असते, आणि घाईत बांधलेली फळी पहिल्या घाटात सुटते. सुरुवात लाकडापासून करू नका, वहीपासून करा. काय न्यायचे ते वजनासह लिहा, आणि ती वही आधी स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या हातात द्या. त्या खोडतील ते खोडू द्या, मागतील ती जागा द्या. मग सुताराला बोलवा.

रामकृष्णहरी.